दहा भांड्यांचं विरजण

ते गृहस्थ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं: "बाई, तुम्ही चार बोटं पुढे आहात."

फेल्डहोवन या डच गावातल्या सुपरमार्केटबाहेर रांग होती. मी पुढे, ते मागे. करोनाचे दिवस, दोन माणसांत दीड मीटर अंतर ठेवायचं असा नियम. त्यांच्या हातात पडद्याची दांडी होती, नेमकी दीड मीटरवर कापलेली. तिचं एक टोक त्यांच्या बुटाला आणि दुसरं माझ्या टाचेकडे धरून त्यांनी मोजलं होतं. अंतर जास्त भरत होतं, कमी नव्हे.

मी म्हटलं, "मग तुम्ही चार बोटं पुढे या."

"मी का येऊ? मी बरोबर जागेवर आहे."

या एका वाक्यात तो माणूस सगळा आला. पुढे मी जे लिहिते आहे ती नुसती भर आहे.

मी फेब्रुवारीत आले होते, मुलाच्या बाळासाठी, तीन महिन्यांकरता. विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांची जवळजवळ दोन वर्षं झाली. त्यांचंही तेच. ते मुलीकडे आले होते, आमच्यापासून दोन घरं सोडून. माझा मुलगा संजय आणि त्यांचा जावई एकाच मोठ्या कंपनीत, चिप बनवायची यंत्रं बनवणाऱ्या. त्या गल्लीत सगळे त्याच कंपनीत होते, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

गल्लीतली पोरं त्यांना काका म्हणायची. मी साहेब म्हणायची. पुण्यात सरकारी आकडेवारी खात्यात ते छत्तीस वर्षं साहेब होते. मी चिडवायला म्हणत होते, पण त्यांना ते योग्यच वाटलं.

चूक दिसली की त्यांना राहवत नसे. दुकानाच्या जमिनीवर उभं राहण्यासाठी पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यातल्या तीन पट्ट्या कमी अंतरावर आहेत असं त्यांनी दांडीने शोधून काढलं आणि इथल्या नगरपालिकेला, गेमेंतेला, इंग्रजीत पत्र लिहिलं. महिन्याने डच भाषेत उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, एवढंच होतं. साहेबांना डच येत नव्हतं, तरी त्या पत्रात त्यांनी दोन चुका काढल्या.

मला ते चिठ्ठ्या पाठवायचे. दाराला पत्रं टाकायची फट असते ना, तिच्यातून सकाळी चिठ्ठी पडायची. कामात न येणारी पाकिटं उलटी कापून त्यांच्या मागे लिहायचे, कलमं घालून. एक मी अजून विसरले नाही: "१. तुमचा कचऱ्याचा डबा उलट ठेवला आहे. २. काल पाठवलेली थालीपिठं चांगली होती. ३. एक जाड होतं."

आणि "मोजलंय का?" हे त्यांचं पालुपद. बाहेर फार गारठा आहे म्हटलं की "मोजलंय का?" बाळ वजनाला भरलं म्हटलं की "मोजलंय का?" एकदा मी म्हटलं, "पोट भरलं माझं." तेव्हाही तोंडातून 'मो' निघाला होता. मी बघितलं तेव्हा त्यांनी तो खोकल्यात घालवला.

त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती. तिच्याबद्दल ते एकच गोष्ट सांगायचे. म्हणाले, "ती मला म्हणायची, तुमचं बरोबर आहे, आता जेवा. चाळीस वर्षं म्हणाली." त्यांना वाटायचं बायको त्यांना मानत होती. गेलेल्या बाईचं गुपित आपण का फोडायचं?

माझं एक काम त्या गल्लीत फार वाखाणलं जायचं. दही. इथल्या दुकानातलं दही बुळबुळीत आणि गोडसर. मी येताना घरचं विरजण रुमालावर वाळवून आणलं होतं, दोन रुमाल. एक कोमट दुधात बुडवला आणि आठवड्यात आमच्या घरी चमचा उभा राहील असं दही लागायला लागलं. मग शेजारची पोरगी मागायला आली, मग तिची मैत्रीण. हां हां म्हणता दहा घरं झाली. दर मंगळवारी मी दहा छोट्या बाटल्यांत चमचा-चमचा विरजण घालून दाराबाहेर ठेवायची, पोरी सायकलवरून येऊन न्यायच्या. दही आपापल्या घरी, आपापल्या दुधात लावायचं. कुणाचं आंबट व्हायचं, कुणाचं पातळ. फोनवर तक्रारी ऐकून घ्यायच्या आणि सांगायचं, दूध गरम जास्त केलंस, नाहीतर भांडं हलवलंस.

आता त्या शब्दाची गंमत सांगते.

एका सकाळी साहेब पोहे खायला आले होते. तेव्हा एका घरात दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारचा नियम होता. साहेब आले की त्या दिवशी दुसरं कुणी यायचं नाही. सून म्हणायची, "आई, माझी मैत्रीण यायची होती, आणि तुम्ही काकांना बसवून ठेवलंत." मी काय करू? ते नऊच्या ठोक्याला यायचे.

पोहे खाता खाता ते म्हणाले, "तुमच्या पोह्यांत प्रचरण फार आहे."

मला एका कानाने कमी ऐकू येतं. मी म्हटलं, "पोह्यांत विरजण कोण घालतं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"विरजण नव्हे हो! प्र-च-रण. माझ्या बशीत शेंगदाणे एकोणीस, संजयच्या बशीत चार. सरासरी ठीक आहे, पण प्रचरण फार. हेलकावा."

"मग हेलकावा म्हणा. एवढा मोठा शब्द कशाला?"

"शास्त्रात प्रचरणच म्हणतात."

"शास्त्रात म्हणत असतील. आम्ही चौथीपर्यंत शिकलो, तिथवर ते आलं नव्हतं."

त्यानंतर मी मुद्दामच विरजण म्हणायला लागले. ते दर वेळी दुरुस्त करायचे, मी दर वेळी म्हणायची. म्हाताऱ्या माणसांना एवढी करमणूक पुरते.

पण त्या शब्दामागे त्यांच्या घरात एक दुखणं होतं, ते मला पुढे कळलं.

त्यांची मुलगी केतकी. नवऱ्याच्या मागे इथे आली आणि पाच वर्षं घरी बसून होती. पुण्यात चांगली नोकरी होती ती सोडून आलेली. इथे अर्ज करायची, नकार यायचे. शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका छोट्या कंपनीत लागली. पत्त्यांचा जुगार खेळायची यंत्रं असतात, त्यांच्यातले खेळ ही कंपनी बनवायची. केतकीने हिशेब करायचा, की यंत्र किती देतं, किती घेतं, आणि किती हेलकावे खातं. नोकरी एक वर्षाच्या करारावर. मार्चमध्ये करार संपणार, आणि त्याआधी एका नव्या खेळाचा हिशेब तिने एकटीने पुरा करून द्यायचा होता. तो चांगला झाला तर नोकरी पुढे चालू. नाहीतर पुन्हा घरी.

खेळ असा. यंत्र तुम्हाला पाच पत्ते दाखवतं. हवे ते ठेवायचे, नको ते टाकायचे. म्हणजे दोन गुलाम आले तर ते ठेवले, बाकीचे तीन टाकले. साध्या यंत्रात टाकलेल्या तिघांच्या जागी नवे तीन येतात आणि डाव संपतो. या नव्या खेळात तेच दोन गुलाम खाली-वर दहा ओळींत दिसायला लागतात, आणि प्रत्येक ओळ आपापल्या जोडातून वेगळे तीन पत्ते घेते. एकदम दहा डाव. केतकी त्याला इंग्रजीत दहा हात म्हणायची. मला वाटलं, देवीचं काहीतरी आहे.

केतकीने बापाला वेळ घालवायला तो खेळ दिला होता, नुसत्या खोट्या गुणांचा. बापाने चार दिवस खेळून पाहिला आणि पाचव्या दिवशी चहा घेऊन वर गेला. वर केतकीची तिच्या कंपनीतल्या साहेबाशी मीटिंग चालू होती, कॉम्प्युटरवर. पडद्यावर तिचा हिशेब होता. बापाने तो वाचला. मग बनियन आणि माकडटोपी घातलेला हा माणूस चहाच्या ट्रेसकट तिच्या खुर्चीमागून पुढे झाला आणि तिच्या डच साहेबाला इंग्रजीत म्हणाला, "नो, नो. नॉट टेन टाइम्स."

तो डच साहेब हसला. केतकी हसली नाही.

त्या दिवसापासून वरच्या खोलीच्या दाराला आतून कडी. जेवताना कामाचं बोलणं बंद. केतकी माझ्याकडे येऊन रडली नाही, ती रडणारी नव्हे. दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, बाबांना सांगा ना प्लीज. लहानपणी माझ्या वहीत मास्तरांच्या लाल शाईवर हे हिरव्या शाईने चुका काढायचे. मास्तरांच्याही! मी छत्तीस वर्षांची आहे. माझ्या बॉससमोर?"

"त्यांनी काय चूक काढली पण?"

"मला नाही ऐकायची. शुक्रवारी फाइल द्यायची आहे."

दुसऱ्या सकाळी साहेब आले तेव्हा पोहे न मागताच बसले. म्हणाले, "चूक दिसली तर सांगू नये?"

"सांगावी. कुणासमोर ते बघावं."

"ते यंत्र बाजारात जाईल. यंत्र घेणाऱ्या जुगाराच्या दुकानवाल्याला सांगतील हेलकावा इतका, आणि असेल त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग बोट कुणाकडे? पोरीकडे."

"मग तिला नीट समजावा."

"ऐकत नाही. तुम्ही समजवा."

"मी? मला तरी कुठे कळलंय?"

झालं. त्यांनी मला शिकवायला घेतलं. पत्त्यांचे दहा जोड लागतील म्हणाले. दुकानं बंद. मराठी पोरींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सुनेने लिहिलं, 'काकांना पत्ते हवेत', आणि दारोदार जोड जमा झाले. एकात चौकटची तिर्री नव्हती. ती त्यांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापून बनवली. तिच्यावर तीनाऐवजी चार चौकटी काढल्या, हे मी दाखवलं. त्यांनी खोडरबर मागितलं.

आमचं जेवणाचं टेबल भरून दहा जोड मांडले. पहिल्यातून पाच पत्ते काढायचे, तेच पाच बाकीच्या नऊ जोडांतून शोधून बाजूला करायचे, मग ठेवलेले पत्ते दहा ठिकाणी मांडायचे आणि उरलेले प्रत्येक जोडातून ओढायचे. एका डावाला अर्धा तास. बाळ दोनदा किलवरचा राजा चावून गेलं. गुणांसाठी राजम्याचे दाणे.

पहिल्याच डावात गुलामांची जोडी आली. दहाही ओळींत काही ना काही पदरात पडलं. दोन ओळींत तिसरा गुलामही आला. दुसऱ्या डावात सगळा कचरा, एकही पत्ता ठेवण्यासारखा नाही. दहाही ओळी भिकारी, फक्त एकीत कशीबशी एक्क्यांची जोडी.

साहेब म्हणाले, "काय दिसलं?"

मी म्हटलं, "यात दिसायचं काय? विरजण एकच आहे, भांडी दहा. विरजण चांगलं तर सगळीकडे दही बरं. विरजण वाईट तर कोण काय करणार?"

मला वाटलं, आता म्हणतील विरजण नव्हे, प्रचरण. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "छत्तीस वर्षं मी हे लोकांना समजावत होतो. पिकं मोजायला जायचो आम्ही. खालचे लोक एका गावातली दहा शेतं मोजून आणायचे आणि म्हणायचे, दहा शेतं झाली. मी म्हणायचो, अरे, पाऊस एकच पडलाय त्या दहांवर. कुणाला कळायचं नाही."

"मग विरजण म्हणायचं होतं."

"तेव्हा तुम्ही नव्हता."

मग पाकिटाच्या मागे हिशेब. "एका डावाचा हेलकावा मोघम वीस धरा."

"वीस काय? शेर की वार?"

"नुसते वीस. त्यातले अठरा भांड्याचे. म्हणजे दूध, ऊब, भांडं हललं, ते. आणि दोन विरजणाचे, म्हणजे सुरुवातीच्या पाच पत्त्यांचे. आता दहा भांडी. भांड्याचे अठरा दाहे एकशे ऐंशी. विरजणाचे दोन मात्र दहाने वाढत नाहीत, शंभराने वाढतात. दोनशे. दोन्ही मिळून तीनशे ऐंशी. पोरीने सरसकट वीस दाहे दोनशे केले."

"शंभराने का? भांडी तर दहाच."

"भांडी आपापली बिघडली तर एक आंबट, एक गोड. एकमेकींना सांभाळून घेतात. विरजण बिघडलं की दहाही एकाच बाजूला पळतात, कुणी कुणाला सावरत नाही."

हे मला लगेच पटलं. सासरी दहा माणसं होती. वेगवेगळी रुसली तर दिवस निघतो. एकाच गोष्टीवरून दहाही रुसली तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. तिथे दहाचा हिशेब कामाला येत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे पोरीने निम्मंच धरलं."

"दोनशे हे तीनशे ऐंशीच्या निम्मे नव्हेत. निम्मे एकशे नव्वद. मोजलंय का?"

"बरं बाबा."

"तर हे तिला सांगा तुम्ही."

"मी नाही सांगणार. सांगितलं तर म्हणेल बाबांनी पढवून पाठवलं. आणि साहेब, एक ऐका. तुमचं बरोबर असणं त्या घरात पुरे झालंय. आणखी वाढू नका."

कुणी त्यांना असं बोललं नसावं. ते उठले, दांडी घेतली, आणि दारापाशी थांबून म्हणाले, "तुमचं विरजण थंड जागी असतं. हीटरवर ठेवत जा. मी तापमान मोजलंय."

माझं विरजण शालीत गुंडाळून कपाटात असायचं. पण नुकतंच माणसाला टाकून बोलले होते, म्हटलं एवढं तरी ऐकावं. सोमवारी भांडं हीटरवर ठेवलं.

मंगळवारी दहा बाटल्या भरल्या. वरून साय जमली होती, दिसायला झकास. खालचं मी बघितलं नाही. ती माझी चूक.

बुधवारी सकाळपासून फोन. पहिली म्हणाली, काकू, दह्याला तार सुटते. दुसरी म्हणाली, चमचा वर उचलला की दही पण वर येतं. तिसरीच्या नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत नऊ झाले. एरवी मी म्हणायची, दूध गरम जास्त केलंस. नऊ बायकांनी दूध गरम जास्त केलं, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

दहावी केतकी. ती फोन न करता, दुकानाला जाता जाता सायकल घेऊन बाटली परत करायला दारात आली. मास्कच्या आत हसत होती, बऱ्याच दिवसांनी.

"काय हो काकू? दहाच्या दहा फेल? तुमचा तर रेकॉर्ड आहे. एखादं बिघडतं, दोन बिघडतात. दहाही एकदम म्हणजे काय योगायोग!"

मी आधीच वैतागलेले. म्हटलं, "योगायोग कसला डोंबलाचा? विरजण एकच होतं ना! भांडी तुमची दहा असली म्हणून दहा वेगळी झाली होय?"

ती बाटली पुढे करून तशीच उभी. मी घ्यायला हात केला तर सोडेना.

"पुन्हा म्हणा, काकू."

"काय पुन्हा म्हणा? विरजण एक, भांडी दहा."

"सुरुवातीचे पाच पत्ते..." असं काहीतरी ती स्वतःशीच म्हणाली. मग "शिट्" म्हणाली. मग माझी माफी मागितली आणि पळत गेली. बाटली घेऊनच गेली. तिची सायकल आमच्या दारात दोन दिवस पडून होती.

लोकांना वाटतं मी ते मुद्दाम केलं. सुनेला अजून वाटतं. दहा घरचं दूध मी मुद्दाम नासवीन? एका हिशेबासाठी? मला मग आठवडाभर बोलणी खावी लागली. दुसरा रुमाल होता म्हणून निभावलं.

साहेबांना मात्र मी त्या दुपारी फाटकात गाठलं आणि सांगितलं, "पोरीला कळलंय. आता तुम्ही काय म्हणणार?"

"काय म्हणणार? मी म्हटलं होतं तेच..."

"तेच म्हणायचं नाही."

"पण मी म्हटलं होतं."

"म्हणूनच."

त्यांनी दांडी जमिनीवर टेकवली. विचारात पडले. मी त्यांना तसं आधी पाहिलं नव्हतं. एरवी उत्तर तयार असायचं. म्हणाले, "फार अवघड आहे हो."

मी म्हटलं, "असू दे."

शुक्रवारी केतकीने हिशेब दिला आणि त्याबरोबर कंपनीतल्या साहेबाला स्वतःच लिहिलं, की आधीच्या मीटिंगमध्ये दाखवलेला आकडा चुकलेला होता, हा दुरुस्त केलेला आहे. संध्याकाळी तिने मला जेवायला बोलावलं. त्या घरचा त्या दिवसाचा एक पाहुणा मी. मी नव्या रुमालाचं दही घेऊन गेले.

टेबलाशी आम्ही चौघं. जावई भात वाढत होता. केतकीचा चेहरा पाच वर्षांनी लहान दिसत होता. तिने वाट्या मांडून बापाला समजवायला घेतलं, की बघा बाबा, विरजण एक, आणि ह्या वाट्या. मी ताटात बघत होते. बापाला त्याचाच हिशेब, माझ्या उदाहरणातून, मुलगी शिकवत होती. साहेब मान हलवत ऐकत होते. मधेच "अच्छा" म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

अचानक केतकी थांबली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना? नॉट टेन टाइम्स."

जावयाच्या हातातला चमचा भातात राहिला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

"मी चहा द्यायला आलो होतो," साहेब म्हणाले.

केतकीने वाट्या पुन्हा ओळीत लावल्या. मग हसली आणि एकदम जोरात म्हणाली, "तर सांगायचं म्हणजे, दोनशेचे झाले तीनशे ऐंशी. अगदी डबल, बाबा!"

मी बघते तो साहेबांचे ओठ मिटले होते. 'म' म्हणायला मिटतात तसे. मानेची शीर वर आली. डोळे आधी वाटीवर, मग पोरीवर. मी पोह्याच्या बशीपासून ते गेमेंतेच्या पत्रापर्यंत या माणसाला बघितलेलं होतं. आता सुटतं की मग सुटतं, असं झालं.

"दही वाढ," ते म्हणाले.

तिने वाढलं. ते संपवून त्यांनी पुन्हा मागितलं. त्या जेवणात त्या माणसाने चार वेळा दही खाल्लं.

मार्चमध्ये केतकीचा करार वाढला. त्या हिशेबामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही. तिच्या साहेबाने विचारलं होतं म्हणे, ही चूक कशी सापडली. तिने सांगितलं, शेजारच्या काकूंच्या दह्यात. डच माणसाला काय कळलं असेल देव जाणे.

पण चिठ्ठीचं राहिलं. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फटीतून पाकीट पडलं. नेहमीपेक्षा जाड कागद होता. लिहिलं होतं:

"१. तीनशे ऐंशी हे दोनशेच्या दुप्पट नव्हेत. केतकीस कळवू नये. तुम्हाला कळवले, कारण रात्रभर झोप नाही.

२. विरजण हीटरवर ठेवावे असे मी सुचवले होते. मी हवा मोजली होती, हीटर मोजला नव्हता. चूक माझी."

पहिलं कलम मी कुणाला सांगितलं नाही. आता लिहिते आहे तेवढंच. दुसरं दोनदा वाचलं. कागद चांगला जाड आणि भांड्याच्या तोंडाएवढा होता. महिनाभर तो मी विरजणावर झाकायला वापरला, लिहिलेली बाजू वर करून.